त्यावर नाणं फिरवायचं नाही

"पपा, लेबल खरवडल्यावर कुठली तबकडी कुठली, हे तुम्हाला तरी कळतं का?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, क्लोव्हर आणि जॉयलिननं, माझ्याशी लावली होती. किंग्स्टनमधल्या, गल्लीत कर्णे लावून लोकांना नाचवणाऱ्या साउंडवाल्याला असं विचारणं म्हणजे पाद्र्याला विचारणं, देव बघितलाय का? पपा अमेरिकेहून सोल गाण्यांच्या तबकड्या मागवतात आणि आल्या आल्या नाण्यानं लेबलं खरवडून टाकतात. नाव कळलं तर दुसरा साउंडवाला एग्बर्ट तेच गाणं त्याच्या साउंडवर वाजवेल ना.

"डोळे मिटून ओळखतो," पपा म्हणाले.

रविवारी दुपारी एग्बर्टशी सामना होता, लोकांना जास्त कोण नाचवतं याचा. हरेल त्यानं आमच्या गल्लीत पुन्हा साउंड लावायचा नाही. पपांनी नवी तबकडी उचलली, खरोखरच डोळे मिटले आणि सुई टेकवली.

कर्ण्यांतून चर्चचं भजन निघालं.

"माझं भजनही खरवडलंत?" मासे तळता तळता मम्मानं विचारलं.

पपांनी घाबरून उलटी बाजू लावली. दुसरं भजन. नाचायला आलेल्या लोकांनी टोप्या काढल्या. एग्बर्ट हात जोडून पपांना म्हणाला, "आता दानपेटी फिरवा, ब्रदर ऑस्बर्ट."

पेटीतल्या बाकीच्या तबकड्या सगळ्या सारख्याच काळ्या. पपांचा चेहरा मला बघवेना. मी माइक ओढला. त्यांना हवं होतं ते गाणं मी मायामीच्या रेडिओवर ऐकलं होतं, पण अर्धंच. वारा फिरला की स्टेशन गायब. मग गाळलेल्या जागी मी आमची गल्ली भरली: माशांची कढई, दारातली बकरी, एग्बर्टची टोपी. शेजारचा क्लिफ्टन गिटार घेऊन धावला आणि दोन ठोक्यांच्या मधेच तार छेडू लागला.

"उशिरा वाजवतोयस," मी पुटपुटले.

"तू गा गं."

आणि लोकांचे गुडघे आपोआप तालावर वाकायला लागले. सूर अमेरिकेचा होता, पण ठेका आमचा, किंग्स्टनचा. चारदा गायला लावलं मला.

एग्बर्ट हळूच पपांच्या पेटीपाशी आला. "हिनं गायलेल्या गाण्याची तबकडी कुठली?"

"लेबल वाच की," पपा छाती फुगवून म्हणाले.

संध्याकाळी मम्मानं पपांना भजनाच्या तबकडीवर नाव लिहायला बसवलं. तेव्हाच मी सांगून टाकलं.

"सुट्टी लागली की मी स्टुडिओत जाऊन माझं गाणं रेकॉर्ड करणार. लेबलवर माझं पूर्ण नाव येणार, डेलरोज इसाडोरा व्हॅसेल. आणि त्यावर कुणी नाणं फिरवायचं नाही. पपा, तुम्हीसुद्धा."