अडकलेली व्यक्ती

पाण्याला शिस्त नसते. म्हणून ती माणसाने पाळायची असते. ओसाकातल्या आमच्या भुयारी बाजाराने हे केव्हाच ओळखलंय. पूर आत शिरला तर काय होईल, हे समितीने संगणकावर आधीच घडवून पाहिलं. त्यात माणसं म्हणजे निळे ठिपके. ठिपके फार गुणी. विसरलेल्या छत्रीसाठी मागे फिरत नाहीत, सात मिनिटांत सगळे वर. (एक म्हातारा ठिपका जिन्यात थांबून सरासरी बिघडवत होता. त्याला काढून टाकलं.)

ठिपक्यांची बरोबरी करायला दरवर्षी माणसांचाही सराव होतो. त्यात कोणीतरी अडकावं लागतंच, नाहीतर सुटका कोणाची करणार? हा मान लोणचीवाल्या कुरामोचीआजींचा. गुडघे गेलेले, त्यामुळे अभिनय अस्सल. गळ्यात ‘अडकलेली व्यक्ती’ अशी पाटी घालून त्या सर्वांत खालच्या मजल्यावर पिंपांमागे बसतात. वर हजेरी, मग अध्यक्षांचं भाषण, मग सुटका पथक. क्रम ठरलेला.

यंदा सरावाच्या दिवशी मुसळधार पाऊस होता. समिती म्हणाली, वा, वातावरण छान जमलंय! आजी खाली जाऊन बसल्या आणि पाणी खरोखरच आत घुसलं. पण आमची शिस्त बघायला हवी होती! दुकानदारांनी गिऱ्हाइकांची वाकून माफी मागितली, शटर ओढली आणि ठिपक्यांच्याही आधी सगळे वर. हजेरीत एकही कमी नाही. (अडकलेली व्यक्ती हजेरीत धरत नाहीत.)

“अहो, आजी?” मासेवाली त्सुबाकी ओरडली.

“त्या अडकल्यात,” अध्यक्ष निशिवाकीसान म्हणाले. “तसंच ठरलंय.”

“पण पाणी खरं आहे!”

“बरं, मग भाषण थोडक्यात आटपतो.”

मी जिन्याकडे एक पाऊल टाकलं. पण रांग मोडणार कोण?

भाषण आभारप्रदर्शनापर्यंत पोचलं आणि आजी वर आल्या. पाणी चढलं तशा रिकाम्या पिंपाला धरून तरंगत, उरलेला जिना रांगत. पाटी गळ्यातच.

“मेल्यांनो, बुडाले असते ना मी!”

निशिवाकीसानांनी कमरेत वाकून माफी मागितली. ती सुटका पथकाची, बिचाऱ्यांना कामच उरलं नव्हतं. अहवालात आम्ही लिहिलं, ‘अडकलेल्या व्यक्तीने परवानगीशिवाय जागा सोडली.’

हसताय? हसा. पण आजी खाली आहेत हे तुम्हालाही ठाऊक होतं, आणि तुम्हीसुद्धा भाषण संपायचीच वाट बघत बसला होतात.