बेव्हनच्या दारातली भांडी

पहिलं भांडं बेव्हनने तिथल्या तिथे परत केलं असतं, तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण त्या भांड्यात जर्दाळू घालून शिजवलेली कोंबडी होती, आणि बेव्हन कितीतरी दिवस टोस्टवर जगत होता. (तेही करपलेले. दोष टोस्टरचा, असं त्याचं म्हणणं.) अशा वेळी माणसाने तत्त्वाला धरून राहायचं की कोंबडीला, तुम्हीच सांगा.

पण कोंबडीपर्यंत वेळ का आली, ते आधी सांगायला हवं.

टलाबूर गावाबाहेर बेव्हन आणि नरेलच्या मेंढ्या. पोरं शिकून सिडनीला गेलेली. घरात ही दोघं आणि डिगर नावाचा म्हातारा कुत्रा. नरेल बाई मोठी खमकी. मेंढीला उताणी पाडून तिचे खूर कापता कापता, खांद्यावरच्या फोनवर बँकेच्या मॅनेजरला झापणारी. अशा बाईचं त्या उन्हाळ्यात पुरतं बिनसलं. जेवता जेवता लालबुंद व्हायची आणि फ्रीज उघडून आत डोकं घालून उभी राहायची. रात्रभर टक्क जागी. चादर घामाने चिंब. मग दिवसा कशावरूनही भडका. चहाचा कप चुकीच्या जागी ठेवला म्हणून एकदा तिने कपाला आणि बेव्हनला, दोघांनाही अंगणात काढलं. आणि पाच मिनिटांनी स्वतःच पायरीवर बसून रडली.

पाळी वर्षभर लहरीपणा करतेय, हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर बोलायचं कसं, ते मात्र बेव्हनला ठाऊक नव्हतं. त्याला बोलता यायचं ते मेंढ्यांबद्दल. म्हणून एका सकाळी, बायकोला धीर द्यावा अशा अगदी शुद्ध हेतूने, तो म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? वयच आहे ते. आपल्या म्हाताऱ्या मेंढ्या नाहीत का? दात पडायला लागले, कोकरं थांबली, की त्याही अशाच बिथरतात."

नरेलने कप खाली ठेवला. "आणि मग त्यांचं आपण काय करतो, बेव्हन?"

"मग काय, खाटकाच्या ट्रकमध्ये..."

(इथे थांबायला हवं, हे त्याला कळलं होतं. पण वाक्य अर्धवट सोडायची त्याला सवय नाही.)

"...भरतो."

नरेल उठली. तिने उशी घेतली, टेबलफॅन घेतला, डिगरला शीळ घातली आणि माळाच्या त्या टोकाला चालायला लागली. तिथे टेकाडावर टिनाच्या छपराची, ओळीने खोल्या असलेली एक चाळ आहे. वर्षातून एकदा लोकर कातरायला टोळी येते, ती तिथे उतरते. एरवी रिकामीच. दक्षिणेचा गार वारा मात्र थेट आत येतो.

"अगं, परत कधी येशील?" बेव्हन मागून ओरडला.

"ट्रक आला की कळव!" ती न वळता म्हणाली. मग मात्र थांबली. "आणि बाहेर कुणाजवळ एक अक्षर बोलायचं नाही. मला काय होतंय, ते आधी माझं मला कळू दे."

बेव्हनला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. तो रोज चाळीच्या दाराशी जाऊन विचारायचा, "काही हवंय का?" आतून उत्तर यायचं, "एकांत." डिगरसुद्धा नुसता एक डोळा उघडून बघायचा आणि परत मिटायचा.

पुढच्या आठवड्यात शेजारीण ग्लेंडाला चाळीच्या दोरीवर नरेलचे गाऊन वाळताना दिसले. (शेजारीण म्हणजे सहा किलोमीटरवरची. पण नजर पक्की.) तिने गाडी सरळ अंगणात घातली.

"काय रे बेव्हन, नरेल तिकडे चाळीत राहते?"

बेव्हनच्या तोंडात टोस्ट होता. तो घशात अडकला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. शिवाय बायकोला दिलेला शब्द. त्याने कसाबसा हात वर केला. "काही विचारू नकोस, ग्लेंडा."

"अरेरे," ग्लेंडा म्हणाली. संध्याकाळी दारात ती जर्दाळूची कोंबडी होती.

टलाबूरची रीत अशी की घरात कुणी गेलं, कुणाचा पाय मोडला, किंवा कुणाची बायको सोडून गेली, की दारात भांडं येतं. ओव्हनमधून नुकतंच काढलेलं, झाकण घातलेलं. बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. दार वाजवायचं नाही, काही विचारायचं नाही. भांडं ठेवायचं आणि गाडी वळवायची. दुःख किती मोठं, ते पडवीत भांडी किती यावरून समजतं.

'गैरसमज झालाय,' असं सांगावं का, यावर बेव्हनने प्रामाणिकपणे विचार केला. विचार संपेपर्यंत कोंबडीही संपली. दुसऱ्या दिवशी गावातल्या लिओनीकडून मटण आलं. मग चर्चमधल्या बायकांकडून चीज घातलेले बटाटे. मग मासे. बेव्हनने दाढी करणं सोडलं, चेहरा जरा पाडला, गाडीचा आवाज आला की पायरीवर जाऊन बसायला लागला. दुःखाने माणूस वाळतो म्हणतात. याच्या पँटचं बटण लागेना.

पबमध्ये ग्लेंडाचा नवरा कॉलिन शेजारी येऊन बसला. एरवी हा माणूस पाऊस आणि लोकरीचा भाव सोडून बोलत नाही.

"जायच्या आधी भडकायची का रे?" त्याने हळूच विचारलं.

"भडकायची."

"खिडक्या?"

"सगळ्या उघड्या. गेल्या हिवाळ्यातसुद्धा, भर जुलैत."

कॉलिनने ग्लास खाली ठेवला. "मेलो," तो म्हणाला. "म्हणजे माझीपण निघाली."

आता बेव्हनला नुसता खादाड समजू नका. तो मनातून पुरता घाबरला होता. घर खायला उठायचं. सकाळी सवयीने दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा. ती खरंच आली नाही तर? तिला आणायला काय बोलायचं, हेच त्याला सुचत नव्हतं. आणि जे सुचायचं, त्यात कुठे ना कुठे मेंढी यायचीच.

मग तो शनिवार आला. चर्चच्या जत्रेसाठी ग्लेंडाला आणि लिओनीला आपापली भांडी हवी होती. पण दोघींनी ठरवलं, आधी नरेलला समजवायचं. गाडी थेट चाळीकडे वळलेली बेव्हनने पाहिली. हातातल्या भांड्यासकट आणि काट्यासकट तो माळावरून धावत सुटला.

नरेल पडवीत बसली होती, पाय बादलीतल्या पाण्यात, मानेवर ओला टॉवेल. लिओनीने तिला मिठीच मारली.

"घर सोडलंस तरी आम्ही तुझ्याच बाजूच्या आहोत गं! पण एकदा विचार कर. तो बिचारा खंगत चाललाय."

"कोण खंगत चाललाय?"

"बेव्हन! तुझ्या जाण्याने."

"मी कुठे गेले?" नरेल म्हणाली. "मी वाऱ्याला आलेय."

"म्हणजे तू त्याला सोडलं नाहीस?"

"छे! सोडायचं असतं तर मी कशाला गेले असते? त्यालाच हाकललं असतं."

ग्लेंडा सावकाश म्हणाली, "मग आम्ही भांडी कुणाच्या दुःखाला पाठवली?"

तिघींनी एकदमच मान वळवली. कुंपणाशी बेव्हन धापा टाकत उभा होता. हातात लिओनीचं भांडं, दाढीत मटणाचा रस्सा, काट्यावर बटाटा.

"मी... धुऊन आणणारच होतो," तो म्हणाला.

तिघी मिळून आता आपली सालटी काढणार, अशी त्याची खात्री होती. पण नरेलला हसू फुटलं. ती हसत सुटली, आणि हसता हसता रडायलाच लागली. दोघी तिच्याजवळ सरकल्या.

"काय झालं गं?"

"मला वाटतं, माझं डोकं जातंय," नरेल म्हणाली. "आईचं गेलं तसं. गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडते. परवा फोनवर मुलीला हाक मारायला नाव आठवेना, पोटच्या पोरीचं! आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी तिने मला ओळखलं नाही. डॉक्टरकडे जायचीसुद्धा भीती वाटते मला. डॉक्टरीण 'हो' म्हणाली तर?"

मग ग्लेंडाने नाक पुसलं.

"किल्लीचं काय घेऊन बसलीस? मी परवा नातवाला शाळेच्या बसवर सोडायला निघाले. थांब्यावर कुत्र्याला उतरवलं, पापा घेतला, डबा दिला आणि घरी आले. नातू सोफ्यावर."

"कुत्रा बसमध्ये चढला?" नरेलने रडतच विचारलं.

"चढला! डब्यासकट!"

"मी तर," लिओनी म्हणाली, "चर्चमध्ये भर सभेत अंगातला स्वेटर काढला. आत काही घातलंय की नाही, हे न आठवता."

"मग?"

"नव्हतं गं घातलेलं!"

तिघींच्या हसण्याने डिगर उठून भुंकायला लागला. बेव्हनला मात्र हसू येईना. भांडं कुंपणाच्या खांबावर ठेवून तो पुढे आला.

"आईचं मला का नाही बोललीस, नरेल?"

"बोलणारच होते," ती म्हणाली. "त्याच सकाळी. तेवढ्यात तू ट्रक आणलास."

बेव्हनचं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक वाक्य अर्धवट सोडलं. मग म्हणाला, "चुकलो गं. मी गाढव आहे. सोमवारी मी नेतो तुला डॉक्टरकडे. वाटेत काही बोलणार नाही. तिथेही नाही."

आणि खरंच, तालुक्यापर्यंतची दीड तासाची वाट त्याने ओठ घट्ट मिटून गाडी चालवली. (एक मेंढ्यांचा ट्रक समोरून गेला, तेव्हा तर त्याने डोळेही मिटले. मग नरेलच ओरडली.)

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासलं, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "तुमच्या आईंना होतं, त्याची कसलीही खूण मला दिसत नाही. पाळी जाताना पुष्कळ जणींना असं होतं. त्यात रात्रभर झोप नाही. डोकं चालणार कसं? याला उपाय आहेत. सोसत बसायचं काही कारण नाही." त्यांनी कातडीवर चिकटवायच्या हार्मोन्सच्या पट्ट्या समजावून सांगितल्या, त्या नरेलला चालतील का याची खात्री केली, रोज चालायला सांगितलं, रात्रीची वाइन कमी करायला सांगितली. नरेलने बेव्हनचा हात इतका घट्ट धरला की त्याची अंगठी रुतली. तो काही बोलला नाही.

"मुख्य म्हणजे झोप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोपेत अडथळा आणणारं आणखी काही आहे का घरात?"

नरेलने बेव्हनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आहे," ती म्हणाली. "तीस वर्षं घोरतोय."

तर अशी नरेल घरी परत आली आणि बेव्हन चाळीत राहायला गेला. टोळी यायला अजून वेळ होता. जाताना त्याला शिक्षाही मिळाली. सगळी भांडी घासायची, आपल्या हाताने काहीतरी शिजवून त्यात भरायचं, आणि घरोघरी जाऊन खरं काय ते सांगायचं. बेव्हनने मोठ्या पातेल्यात सॉसेज, वाटाणे आणि बटाटे एकत्र शिजवले. मधेच शेगडी दुरुस्त करता करता हातातला पाना पातेल्यात पडला, तो काढला. त्याच्यासोबत पडलेलं वॉशर मात्र काही सापडलं नाही. रस्सा खाली लागला, तो ढवळून सगळीकडे सारखा पसरवला.

प्रत्येक दारात तो टोपी काढून म्हणाला, "नरेल कुठे गेली नव्हती. पाळी जायचं वय आहे, झोप नव्हती. डॉक्टरने औषध दिलंय. तिनेच सांगायला सांगितलंय." बायका भांडं घेऊन आत जायच्या, नवरे मात्र फाटकापर्यंत सोडायला यायचे. "म्हणजे ते खिडक्यांचं... त्याला डॉक्टर असतो?" कॉलिनने तर तिथल्या तिथे फोन लावला. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या दवाखान्यात निम्मं टलाबूर भेटायचं.

नरेल झोपायला लागली. बँकेच्या मॅनेजरला पुन्हा फोन गेला. बेव्हन चाळीत एकटाच, सोबतीला फक्त डिगर. नरेलने घरी आल्यावर घेतलेला नवा पलंग कुत्र्याला वर्ज्य केला होता, म्हणून तो चिडून इकडे आला होता. तेवढीच बेव्हनला जिवाभावाची साथ.

एका संध्याकाळी पायरीवर भांडं दिसलं. बेव्हनने ते उलटून पाहिलं. चिकटपट्टीवर नाव, 'नरेल'. त्याचं काळीज विरघळलं. बायकोने आपल्यासाठी रांधलं! त्याने तिथेच बसून झाकण काढलं, मोठा घास घेतला आणि दाताखाली काहीतरी कडकन वाजलं.

वॉशर.

बेव्हनचंच ते सॉसेज ग्लेंडाकडून लिओनीकडे, लिओनीकडून चर्चमध्ये, चर्चमधून आणखी कुठे कुठे फिरून, दर दारात भांडं बदलत, न खाता शेवटी नरेलकडे आलं होतं. चिकटपट्टीवर नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'दुःखात सहभागी. धुऊन आण आणि जेवायला ये.'

बेव्हनने भांडं डिगरपुढे सरकवलं. "खा बाबा. आपलं आपल्यालाच खायचंय."

डिगरने एकदा वास घेतला, बेव्हनकडे पाहिलं आणि उठून नरेलच्या घराकडे चालायला लागला.