कमी-जास्तचा रकाना

मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, घामाने निथळत मी शेजारच्या मेश्राम सरांच्या दारात उभा राहून ‘काय उकाडा आहे’ म्हटलं, की सर शांतपणे म्हणतात, “तीन हजार अंशाले आमच्यात थंड म्हणतात गा. तू काहून कावून राहिला?”

‘आमच्यात’ म्हणजे लहान, लाल, थंड ताऱ्यांत. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि थेट या बिरादरीत राहायला गेले. भर दुपारी कूलरसमोर बसून, मोठ्या दुर्बिणींच्या नोंदींवरून ते ताऱ्यांची मापं काढतात. मुलगी प्रज्ञा परदेशात अशाच ताऱ्यांभोवती ग्रह शोधते. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड किंचित घटतो, त्यावरून ग्रह केवढा ते कळतं.

“पण माठातलं पाणी बोटभर कमी झालं म्हणता, त माठ केवढा ते त सांगा,” सर म्हणतात.

तर माठ, म्हणजे तारा, मोजणं हे बापाचं काम. यादी महिन्याला जाते. पोरीचं उत्तर येतं, “मिळाली, बाबा.” बस.

प्रत्येक मापापुढे सरांचा एक रकाना असतो: कमी-जास्त. माप कितीने चुकू शकतं, ते. मी ‘पाच मिनिटांत येतो’ म्हटलं तरी विचारतात, “कमी-जास्त किती?”

यंदा धंतोलीतल्या दवाखान्यात सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. “प्रज्ञाले सांगू नको. तिचा जीव तिकडं खालीवर होते.” डॉक्टरांनी स्क्रीन बघणं बंद केलं. वहीवरून यादी टाइप करायचं मी अंगावर घेतलं. मी शाळेत मराठीचा मास्तर, नीटनेटकेपणाचा भारी सोस. मापं इतकी देखणी, आणि शेजारी ही कुरकुर कशाला? तो रकाना मी गाळला आणि यादी पाठवून स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या सकाळी सरांच्या डोळ्यात थेंब टाकत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावला.

“बाबा, कमी-जास्त कुठं गेलं?”

सरांनी एकाच डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढा पुरला.

“राहिलं असंल.”

“तुमचं राहत नसते. काय झालं, खरं सांगा.”

सरांनी सांगून टाकलं. पोरगी रागावली, रडली, थेंबांच्या वेळा विचारल्या, भाजी कोणती केली विचारलं. सरांचा चहा दोनदा गार झाला. ताऱ्यांचं नावही निघालं नाही.

दुपारी मी ओशाळून पूर्ण यादी पुन्हा पाठवली.

महिन्याभराने सरांना नवा चष्मा मिळाला. “आता तुमची यादी तुम्हीच करा,” मी म्हटलं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

“तूच कर गा.”

“पुन्हा काही सुटेल माझ्या हातून, सर.”

ते उठले, कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहिलं. होतं.

“सुटलं त सुटू दे,” पाठमोरेच म्हणाले.