रंगण्णा आणि भरलेली बाटली

अगं, जवळ ये की. सहा महिन्यांनी तोंड दाखवतेस आणि उंबऱ्यातूनच बोलतेस? बस इथं. आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीतल्या रंगण्णांचं ऐक.

हा माणूस लग्नात भरल्या पंगतीतून उठला आणि वधूपित्याला म्हणाला, "काच दिसत नाही! अर्धी माणसं ओसरीवर हलवा." अय्यो! वधूपित्याच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं.

रंगण्णा प्रयोगशाळेत कामाला. तिथं चपट्या बाटल्यांत माकडाच्या पेशी वाढवायच्या. पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जिवंत कण, काचेला चिकटून वाढणारे. त्यांना पाजायचं काय, तर गुलाबी पाण्यातून वासराच्या रक्ताची निवळ! शिव शिव! हे सांगितलं तेव्हा रंगण्णा माझ्याच घरची कॉफी पीत होते. तो लोटा मी तीनदा घासला.

रोज सूक्ष्मदर्शकातून बघायचं. पेशींमधून थोडी काच दिसते आहे तोवरच त्या सोडवून दोन बाटल्यांत वाटायच्या. घाईनं वाटल्या तर विरळ पडून रुसतात, वाढतच नाहीत. उशीर झाला तर दाटी होते, पाणी पिवळं पडतं आणि त्या काच सोडून तरंगायला लागतात. "तो दिवस ओळखणं हीच माझी नोकरी, अक्का," म्हणायचे.

बरं, ओळखा तिथं! पण एकदा आमच्याकडे आले. दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं. दोघी सुना भांडी आपटत होत्या. रंगण्णांनी डोळे बारीक केले आणि सुनांच्या देखत म्हणाले, "अक्का, काच दिसत नाही. थोरल्याला वेगळं बिऱ्हाड करून द्या."

मी पदर खोचला. मग म्हटलं, "उठा! बाटल्या वाटा हव्या तेवढ्या. माझं घर फोडू नका." कॉफी अर्धी टाकून गेले.

आठवड्यानं माझ्या थोरल्यानं धाकट्याचं भरलं ताट लाथाडलं. भरलं ताट गं! तशीच उठले, रंगण्णांचं दार वाजवलं आणि ताटाचं सांगितलं.

"ताट लाथाडून निघून गेला, का तिथंच बसलाय?"

"तिथंच बसलाय, गुरगुरत."

"मग अजून वेळ गेली नाही. आजच बिऱ्हाडाचं बोला."

त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. तीन खोल्या, माणूस एक. खुंटीला तरण्या पोराचा कोट, रोज झटकत असावेत.

"वासूचा, माझ्या पोराचा," म्हणाले. "रोज भांडायचो आम्ही. त्यानं वेगळी खोली मागितली, मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. एक दिवस गेलाच. पत्ताही कळवला नाही." कोटाची बाही सरळ करत राहिले. "बाटलीतला दिवस एकदाही चुकला नाही, अक्का. घरातला चुकला. एकदा तरंगायला लागलं की परत काचेला चिकटत नाही."

मी थोरल्याला हेब्बाळला बिऱ्हाड करून दिलं आणि आठ दिवस रडले. आता तो दर रविवारी येतो आणि दोघं भाऊ एकाच ताटात हात घालतात. त्या दिवशी रंगण्णा सकाळपासून आमच्या पायरीवर. कोपऱ्यावर थोरल्याची सायकल दिसली की माझ्याआधी तेच उठून उभे राहतात.

तूही ये गं रविवारी, पोरांना घेऊन. आम्ही दोघं पायरीवरच असू. फार दिवस लावू नकोस.