शिलाईला दोन जास्त

"आजपासून मुलीची शिकवणी बंद! गणित मी शिकवणार!" टेलरमास्तरांनी कात्री टेबलावर आपटत जाहीर केलं. शाळा सुटली की पोरं पुन्हा शिकवणीला पळणार, मग शाळा काढलीय कशाला, हा त्यांचा सवाल. सवाल रास्त होता. पोर बिचारी जेवतानासुद्धा पेंगायची.

"चाचणीत नापास झाली, तर दुसऱ्या दिवशी शिकवणी पुन्हा सुरू!" बायकोने अट घातली.

"नापास? जन्मभर मापंच घेतोय मी!"

पहिलंच गणित आयताच्या परिमितीचं. मुलीने चटकन चाळीस काढले.

"आणि शिलाईला?" मास्तरांनी विचारलं.

"शिलाईला काय?"

"अगं, नेमकं चाळीस कापलंस तर शिवशील कुठून? दोन जास्त धर. बेचाळीस!"

पुस्तकाच्या मागे उत्तर चाळीसच होतं. मास्तर चक्रावले. छापणाऱ्याची चूक समजून त्यांनी पेनाने दुरुस्ती केली. पुढचं उत्तरही दोनाने कमी. त्याच्या पुढचंही! अख्खं पुस्तकच आखूड!

मग बारा पेन्सिली चौघांत वाटायच्या आल्या.

"प्रत्येकी पाच!" मास्तर सवयीने म्हणाले.

"बाबा, वरच्या आठ पेन्सिली आणायच्या कुठून?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "ते पुढच्या इयत्तेत असतं," ते म्हणाले.

चाचणी झाली आणि शाळेतून बोलावणं आलं. मास्तर पुस्तक काखोटीला मारून निघाले, छापखान्याची तक्रार करायला. बाईंनी मुलीसमोरच तिचा पेपर पुढे सरकवला. प्रत्येक गणिताखाली दोन उत्तरं! एकापुढे लिहिलेलं 'शाळेसाठी', दुसऱ्यापुढे 'घरासाठी'.

"हे काय गं?" मास्तर पार गोंधळले.

"पेपर सहीला घरी येतो ना," ती पुटपुटली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मास्तरांना भरून आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"शाळेसाठीची उत्तरं कशी आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळी बरोबर," बाई म्हणाल्या. "अडलं की मधल्या सुट्टीत येऊन मला विचारते. शिकवणीची गरजच नाही तिला."

मास्तर खुर्चीतून ताडकन उठले. "हेच मी घरी सांगत होतो! बाई, एवढं लिहून द्या!"

बाईंनी चिठ्ठी दिली. मास्तरांनी ती न उघडताच मोठ्या ऐटीत बायकोच्या हातात ठेवली. तिने ती मोठ्याने वाचली:

'शिकवणी बंद ठेवावी. आधी वडिलांची!'