वैशाखातला बनाती कोट

भर वैशाखात बनातीचा कोट घालून आठ दिवस काढावे तं आमच्या गावात एकाच मर्दानं, अन् तो म्हणजे मी, जानराव.

त्याचं असं झालं. साता समुद्रापार लढाई जुंपली अन् आमच्या वऱ्हाडी कापसाले सोन्याचा भाव आला. शेजारच्या चंद्रभाननं अकोल्याच्या बाजारातून लाल बनातीचा कोट आणला. जाड, लोकरीचा, गोऱ्या सायबासारखा. माह्या पोटात जे दुखलं ते ओव्यानं थांबणारं नव्हतं. मी घरच्या गाद्या अन् लोड उसवले, त्यातलाही कापूस विकला, अन् त्याच्याहून जाड कोट आणला.

माह्या अंगणातून चंद्रभानचा वांग्याचा मळा दिसते. भर दुपारी पाहावं तं हा गडी वांग्यांच्या मधात उभा. डोक्याले पागोटं, अंगात लाल कोट, उन्हाले भीक घालत नाही. म्हटलं, असं हाय का? तो काढत नाही तोवर मीही काढत नाही.

आठव्या दिवशी काखेत, जांघेत अन् पोटाच्या वळीखाली लाल चट्टे उठले. खाज अशी, की बैलासारखं खांबाले अंग घासावं वाटे.

"अवो, काढा तो कोट," बायको पार्बताबाई म्हणे.

"चंद्रभाननं काढला काय?"

"मंग बसा खरूज घेऊन."

शेजारची गोदाबाई म्हणे, गजकर्ण हाय. मले मात्र पक्कं ठाऊक होतं. कोट आणला त्याच दिवशी चंद्रभान त्याची बाही चाचपून गेला होता. जळकुट्या मेल्यानं खाजकुयली टाकली, दुसरं काय!

नेमके तेव्हाच अमरावतीचे केशवराव आले. लेकीसाठी आधी माहा पोरगा गोवर्धन पाहणार, मंग चंद्रभानचा देवीदास. माणूस वैद्यकी जाणणारा. मी कोट घालून पुढ्यात बसलो अन् बोलता बोलता दहादा काख खाजवली. केशवरावांनी आपलं घोंगडं हातभर मागं ओढलं. सोयरीक हातची चालली पाहून मी भडकलो.

"खरूज नाही जी! चंद्रभाननं कोटात खाजकुयली टाकली. चला, त्याच्या तोंडावर म्हणतो."

चंद्रभान दारापुढच्या लिंबाखाली बाजेवर बसून आंबा चोखून राहिला होता. कमरेले जुनं मऊ धोतर, वर उघडाच.

"काहून टाकली रे खाजकुयली? अन् तुहा कोट कुठं लपवला?"

"कोट? दोन दिवसांत माह्याच काखेत चट्टे उठले गा. मंग बुजगावण्याले घातला. तो काय, मळ्यात उभा हाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. पागोटं, लाल कोट, अन् खाली बांबूचा एकच पाय. आठ दिवस मी ह्याच्याशी होड लावली होती.

केशवरावांनी माही काख पाहिली. "खरूज नाही अन् गजकर्णही नाही. अंगाच्या घडीत घाम मुरला, कातडी कातडीवर घासली. अंग कोरडं ठेवा, काखेत जुन्या सुताची मऊ घडी ठेवा."

घरात जुनं सूत कुठलं? ऐटीपायी सारं चिरगूटही बोहारणीले देऊन टाकलं होतं. शेवटी चंद्रभानच्या बायकोनं, माणिकबाईनं, नवऱ्याचं जुनं धोतर फाडून दिलं.

"कापूस पिकवणाऱ्याच्या घरी चिंधी नाही, तिथं लेक कशी द्यावी?" केशवराव म्हणाले, अन् त्यांनी पोरगी देवीदासले दिली.

चट्टे गेले. कोट मीही बुजगावण्याले घातला. गाव म्हणते, जानराव सुधरला. सुधरलो खरा. फक्त माहं बुजगावणं चंद्रभानच्या बुजगावण्याहून हातभर उंच हाय.