लटारूकाकांचं नाक

लटारूकाका शिंकले की खळ्यावरचे बैल थांबत. मळणीत धानाचा भुसा उडाला की त्यांची सुरुवात होई, आणि बैल पुन्हा फिरू लागेपर्यंत काका रुमालात तोंड लपवून उभे.

अड्याळला ते माझे शेजारी. सन ऐंशीच्या आसपास त्यांचं नाक पुरतं बंद झालं; पण हार मानणं त्यांना माहीतच नव्हतं. पहाटे तलावाच्या पाळीवर मान वाकडी करून तोटीच्या लोट्यानं कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीत ओतत. दुसरीतून थेंब निघत नसे, सगळं घशात उतरे. ते गिळून म्हणत, "रस्ता बनून राहिला." मग ओव्याची पुरचुंडी, निलगिरीचा वाफारा.

वास मात्र अजिबात येत नसे. तरी काकूंनी भात वाढला की ताटावर वाकून म्हणायचे, "चिन्नोर कसा घमघमून राहिला!" घरचा सुवासिक चिन्नोर काकू लेकीच्या सासरी धाडायच्या; ताटात असायचा जाडा तांदूळ. चोंदलेल्या नाकाला काय कळतं, असं त्यांना वाटे. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर मी हा किस्सा रंगवून सांगे. लोक पोट धरून हसत. कोणाला बोललो नाही, पण ते हसणं आजही मला टोचतं.

शेवटी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, भुशाच्या ॲलर्जीनं नाकात द्राक्षांसारखे कोंब वाढलेत, पाण्यानं जायचे नाहीत, काढावेच लागतील. काका लगेच तयार. "काढा म्हनलं. वास पायजे मले." काकू घाबरल्या. ऑपरेशनपेक्षा जास्त कशाला, ते मला ठाऊक होतं.

ऑपरेशनसाठी नागपूरला सोबत मीच गेलो. परतीच्या एस्टीत डिझेलचा वाससुद्धा काका अत्तरासारखा हुंगत होते. मी खोचकपणे म्हटलं, आता चिन्नोर खरंच कळेल.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दाना जाडा रायते, बाबू. डोये तं शाबूत आहेत ना माह्ये. वाढतानी तिचा हात अडखयते. म्हनून मीच आधी बोलून देतो."

त्या दिवशी काकूंनी खरा चिन्नोर शिजवला होता. वास अंगणापर्यंत आला होता. ताट ठेवून त्या दाराशी उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"येते काय जी वास?"

काका ताटावर वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत. मग रुमालानं आधी नाक पुसलं, नंतर डोळे.

"येते ना," म्हणाले. "रोजच्यावानीच."